उलट्या सिंहांचा रुपया

भैय्याजींनी भिंगातून रुपया दोनदा पाहिला आणि आजारी माणसाचा हात सोडावा तसा हलकेच टेबलावर ठेवला.

जुन्या नाण्यांचा व्यापार करणारे ते नागपूरहून या एका नाण्यासाठी पुलगावला वासुदेवराव मास्तरांकडे आले होते. एका बाजूला सिंह. दुसऱ्या बाजूला, आकड्याच्या जागी, तेच सिंह आरशातल्यासारखे उलटे, खोल रुतलेले. टाकसाळीत आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, की पुढच्याच्या अंगावर अशी पोकळ सावली उमटते. संग्राहक या सावलीचीच किंमत देतात.

"कोणं घासला हा, मास्तर?"

वासुदेवरावांनी रुपया उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"काळवंडलेला असता तं आत्ता उचलला असता. आता नुसते ओरखडे दिसून राह्यले. टाकसाळीची चूक आमी इकत घेतो, घरची नाई."

भैय्याजी स्टेशनकडे निघून गेले.

रुपया सायकल दुरुस्त करणाऱ्या तानबाचा होता. मास्तरांना नाण्यांतले कळते म्हणून त्याने तो विश्वासाने त्यांच्याकडे ठेवला होता. विकून विधवा बहिणीला, भागीरथेला, शिलाई मशीन घ्यायचे होते. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वासुदेवरावांनी तो गुपचूप आपल्या पूजेच्या नाण्यांत मिसळला. दुसऱ्याची लक्ष्मी घटकाभर आपल्या घरी बसावी म्हणून. नाणी घासून झाली असतील, असे त्यांनी धरले होते. पत्नी शोभाबाईंनी घासायला चिंच आणि राख त्यानंतर घेतली. दिव्यांच्या उजेडात तो रुपया सर्वांत जास्त लखलखत होता, आणि वासुदेवरावांनी त्यालाच हात जोडले होते.

संध्याकाळी तानबा आला. नाणे तळहातावर घेऊन हसला.

"बाईनं चमकवला वाट्टे. नवा कोरा दिसून राह्यला. भाव वाढला असन नं, मास्तर?"

नाणे मुळातच साधे निघाले, हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होते, गुळगुळीत, बिनओरखड्याचे. तानबाने ते मानलेही असते.

"भाव गेला, तानबा. घासल्यानं गेला. पण बाईंना काही ठाऊक नव्हतं. तुझा रुपया मी माझ्या पूजेत ठेवला. तुला न विचारता."

तानबाचे हसू लगेच मावळले नाही; ओठांवर तसेच विसरून राहिले.

"तुमाले तं सारं समजते यातलं," तो हळू म्हणाला. "घरी मशीनची जागा सारवून ठेवली तिनं. तिले काय सांगू मी?"

वासुदेवरावांनी खुंटीवरचा सदरा काढला, आणि अंगात घालून भागीरथेकडे जायला त्याच्याआधी उंबरठा ओलांडला.