जमिनीलगतची झडप

आईस्क्रीम कारखान्याची पॅकिंगची खोली दोन पायऱ्या खाली होती. वरच्या पायरीवर मालकांनी बोलावलेले मांत्रिक बाबा, मागे अख्खा कारखाना. बाबांनी लांब दांड्याच्या चिमट्यातली मेणबत्ती गुडघ्याखाली नेली आणि ती फुंकर न मारता विझली. तीनदा पेटवली, तीनदा विझली. लोकांनी हात जोडले.

"बसलीये," बाबा म्हणाले. "कोपऱ्यात, मांडी घालून. उजेड सोसत नाही तिला."

दोन महिने दर सोमवारी इथे कुणी ना कुणी भोवळ येऊन पडत होतं. दोन महिन्यांपूर्वीच कारखान्यातल्या मिस्त्रीची बायको तापाने गेली होती. याच खोलीत वीस वर्षं डबे भरले होते तिने. बाबांची दिव्यदृष्टी म्हणजे एवढीच बेरीज. मालक लगेच विधीचा दिवस ठरवू लागले.

मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. जिने मुंगीलाही दुखवलं नाही, ती मैत्रिणींना पाडणार?

"मग बसा की तिच्याशेजारी," तो म्हणाला. "विचारा, काय हवंय."

बाबा ताठच. आल्यापासून ते एकदाही वाकले नव्हते.

मिस्त्रीने बायकांना अंगणात बसवलं आणि कोण कशी पडली ते एकेकीला विचारलं. एक खोकं उचलायला वाकली होती, दुसरी चिकटपट्टी शोधायला. उभ्याउभ्या कुणीच पडलं नव्हतं. सोमवारीच का? रविवारी खोली बंद असते. बंद खोलीत काय असतं? डबे गार ठेवायचा कोरडा बर्फ. त्याचं पाणी होत नाही, वायू होतो. हवेपेक्षा जड, जमिनीवर साचतो; त्यात ज्योत विझते, माणूसही गुदमरतो. पेटीवर छापलेलं होतं, वाचलं कुणी नव्हतं.

मग आधी कुणी का पडलं नाही?

एक जण म्हणाली, "वहिनी सोमवारी लवकर यायच्या. मागच्या उताराकडची, जमिनीलगतची झडप बाहेरून उघडायच्या, तासभर कुणाला आत सोडायच्या नाहीत. आम्ही हसायचो."

ते काम कुणाच्या नावावर नव्हतं. ती गेली, झडप बंद राहिली. सोमवारी ती घरून लवकर का निघते, हे मिस्त्रीनेही कधी विचारलं नव्हतं.

त्याने मागे जाऊन झडप उघडली. तासाभराने बाबांचीच मेणबत्ती चिमट्याने जमिनीवर टेकवली. ती जळत राहिली.

"गेली," बाबा घाईने म्हणाले. "माझ्या मंत्राने."

"मंत्राला बिजागरी असते का हो?" मागून एकीने विचारलं. बाबांनी चिमटाही परत न मागता फाटक गाठलं.

"ती इथे नाही," मिस्त्री मालकांना म्हणाला. "नाही, म्हणूनच बायका पडल्या."

मग त्याने फळ्यावर सोमवारचं काम लिहिलं, खाली पाळीने सगळ्यांची नावं. माणूस पडला तर कोण बसलंय ते विचारू नका. काय बंद राहिलंय, ते सगळ्यांनी मिळून शोधा.