मागचं इंजिन

तीन आठवडे मी एका रबराच्या कड्यासाठी वणवण फिरत होते. कडं केवढं, तर करंगळीच्या नखाएवढं!

आमचे हे, दत्ताराम, तीस वर्षं कर्जतला बँकर चालवायचे. घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन असतं ना, तेच. ह्यांच्या साहेबांनी बदली होऊन जाताना खेळण्यातलं जर्मन इंजिन आणि तीन डबे ह्यांना दिले होते. ह्यांनी दहिवलीच्या घरात हॉलभर रूळ टाकले, प्लायवूडचा घाट उभा केला. मी काय कमी कटकट केली तेव्हा! पण गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला, डावा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि तेच खेळणं कामाला आलं. गाडीचं बटण डाव्या हाताने फिरवायचं, एवढाच व्यायाम हे मन लावून करायचे. बोटं जरा वळायलाही लागली होती.

आणि मेलं ते कडं तुटलं! रुळावर पकड यावी म्हणून चाकाला बसवलेलं असतं. ते गेल्यावर इंजिन सपाटीला धावायचं, घाटात मात्र चाकं जागच्या जागी गरगरायची. दोन दिवस ह्यांनी बघितलं आणि बटणाला हात लावायचा सोडला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. हात वापरला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कर्जतच्या बाजारात दुकानदार म्हणतो, "काकू, असलं जुनं नाय मिळत. नातवाला नवीन घ्या की."

"नातू नाय रं, नवरा हाय माझा!" मी म्हटलं. दुकानातली सगळी फिदीफिदी हसली.

सायकलवाल्याने व्हॉल्व्हची नळी कापून दिली, ती घसरून पडली. शिळफाट्याला पाण्याच्या फिल्टरची रिंग मिळाली, ती एवढी जाड की इंजिन उडी मारून रुळावरून खाली. रसायनीच्या कारखान्यातून भाचा रूपेश पाकीटभर रिंगा घेऊन आला. एक बसेल तर शपथ! मोबाइलवरून मागवलं, तर दहा दिवसांनी निरोप आला, माल शिल्लक नाही. मग दहा दिवस झोपला होतात का रे?

काल शिळफाट्याच्या भंगारवाल्याचा फोन आला. कुठल्याशा बंगल्याच्या अडगळीत तसलंच एक छोटं इंजिन निघालं होतं. मी गॅस बंद करून तशीच पळाले. इंजिन चालू होतं, कडी शाबूत! घरी आणून बघते तर त्याची चाकंच आमच्या इंजिनाच्या निम्म्या मापाची. कडं बसणार कुठून?

"आता ताणून बसवतेच!" मी चिमटा उचलला.

ह्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. "नको."

कितीतरी दिवसांनी तोंडातून शब्द निघाला होता. हळूच उठून बसले, ते छोटं इंजिन घेतलं आणि तिसऱ्या डब्याच्या मागे रुळावर ठेवलं.

कप्पाळ माझं! बँकरवाल्याची बायको मी, उभा जन्म कर्जतात गेला, आणि गावोगाव रबर शोधत फिरले!

ह्यांनी डावा हात बटणावर ठेवला. वाकडे ओठ जुळवून फुंकर मारली. नुसती हवा निघाली. गाडी काही सोडेनात.

"अहो, सोडा की आता! कुणाची वाट बघताय?"

पुन्हा फुंकर. मागच्या इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाटाखाली पुढचं इंजिन शिटी देतं, बँकरने उत्तर दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. तीस वर्षं हे मागून उत्तर देत आले. आज हे पुढे होते.

माहेरी गुरांमागे असताना मी शिटी मारायचे, त्यानंतर कधी मारली नव्हती. दोन बोटं तोंडात घातली आणि खणखणीत उत्तर दिलं.

ह्यांची डावी बोटं वळली. गाडी घाटाला लागली.