बुडालेल्या बोटीचा दाखला

कागद पुरा करायचा म्हणून आपण किती वेळा डोळे मिटून काहीतरी लिहून देतो! शाळेच्या फॉर्मवर, सोसायटीच्या रजिस्टरात, कचेरीतल्या अर्जावर. ‘चालतंय, कोण बघतंय’ म्हणतो आणि पुढे सरकतो. रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत रेणुका हेच काम पाच वर्षं करत होती. आपण काही वावगं करतोय असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

तिचं टेबल कागदपत्रांचं. गोठवलेलं म्हाकूळ (स्क्विड) परदेशी निघालं की त्याच्यासोबत ओरिजिन सर्टिफिकेट लागायचं, म्हणजे हा माल कुठल्या देशात निपजला याचा दाखला. त्या अर्जाला ती एक यादी जोडायची. कुठल्या नावा-नंबराच्या बोटींनी, कुठल्या बंदरात, कधी मासळी उतरवली. यादीची एक प्रत मासेमारी खात्यालाही जायची. आता खरी गोष्ट अशी, की निम्मा माल दलालाच्या ट्रकमधून यायचा आणि दलाल बोटींची नावं काही द्यायचा नाही. मॅनेजर अनिलसरांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, “जुनी यादी आहे ना कॉम्प्युटरवर? त्यातली आठ-दहा नावं घाल. म्हाकूळ आपल्याच समुद्रातलं, मग बोट ही काय नि ती काय!”

रेणुका समुद्रापासून आत असलेल्या पालीची. समुद्र तिने पाहिला तो रविवारी भाट्याच्या पुळणीवरून. बोट म्हणजे तिच्या लेखी यादीतली एक ओळ.

त्या मंगळवारी दुपारी वॉचमनने एका बाईला तिच्या टेबलापाशी आणून सोडलं. वय चाळिशीच्या आतलं. हातांत नव्या कोऱ्या हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि डोळ्यांत असं काही की रेणुका आपोआप उठून उभी राहिली.

“मी राही. केळशीसून आलंय, सकाळच्या एसटीनं,” ती म्हणाली आणि तिने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “बाय, ह्यो कागद तुमच्या कंपनीचा ना?”

रेणुकाने पाहिलं. तिच्याच एका यादीची प्रत होती, जानेवारीतली. सातव्या ओळीखाली कुणीतरी पेनने रेघ ओढली होती. बोटीचं नाव, पद्मावती.

“हो ताई, आमचाच.”

“मग आमची पद्मावती कुठं हाय?”

“म्हणजे?”

“आमची बोट, बाय! तीन वर्सांमागं वादळात गेली. माजे मालक व्हते तिच्यावर, हरेश्वर. आनि दोन खलाशी. ना बोट गावली, ना मानसं. मेल्याची नोंद करा म्हनून मी मासेमारी खात्याच्या कचेरीत हेलपाटे घालतंय. गेल्या आठवड्यात तितल्या सायबानं ह्यो कागद काढलान नि म्हनाला, नवरा मेला कसा म्हनता? तुमची बोट तर जानेवारीत रत्नागिरीला मासळी उतरून गेलीय!” राही टेबलावर वाकली. “बोट आली तर मानसं पन उतरली असतील ना? सासूनं परत कुंकू लावलान मला. बांगड्या भरलान. म्हनाली, जा, घेऊन ये त्याला.”

रेणुकाने ती ओळ पुन्हा वाचली. ते नाव तिनेच घातलं होतं! चहाचा कप हातात धरून, दोन मिनिटांत, यादीतून उचलून!

आवाज ऐकून अनिलसर बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “टायपिंगची चूक आहे, बाई. नाव चुकून पडलंय.”

“नाव चुकंल, सायब. पन बोटीचा नंबर? तो पन आमचाच कसा पडला?”

“चौकशी करून कळवू,” म्हणून अनिलसरांनी वॉचमनला खूण केली. रेणुकाने मान खाली घातली.

“तुमी कायतरी लपवताय,” राही म्हणाली. “ऱ्हाऊ दे. मी मिरकरवाड्यात बंदरावर इचारतंय. कुनीतरी बघितलं असंलच त्यांना.”

ती गेल्यावर अनिलसर खालच्या आवाजात म्हणाले, “उद्या कंटेनर निघायचाय. नव्या अर्जातनं पद्मावती काढ आणि दुसरं कुठलं तरी नाव घाल.”

रेणुकाने यादी उघडली. एकेक नाव वाचू लागली. यातल्या आणखी किती बोटी तळाला गेल्या असतील? त्या चालवणारे तांडेल, त्यांवरचे खलाशी जिवंत तरी आहेत का? तिला माहीत नव्हतं. पाच वर्षांत तिने कधी विचारलंच नव्हतं! कॉम्प्युटर बंद करून ती डोकं दुखतंय म्हणून घरी निघून आली.

तिचे सासरे रामजी तलाठी कचेरीत कारकून म्हणून निवृत्त झालेले. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी रेडिओ बंद केला. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “पण बाबा, म्हाकूळ भारताचंच होतं. दाखला काही खोटा नव्हता.”

“दाखला खरा आणि त्याचा पुरावा खोटा, असं असतं होय?”

“सही कंपनीची असते.”

“आणि टाइप करणारी बोटं कुणाची?”

रामजी तिच्यासमोर पाटावर बसले.

“आपल्या वाडीची नावं जमिनीच्या कागदावर लागावीत म्हणून माझ्या बापाने चपला झिजवल्या. का? कागदाला माणूस ओळखू येतो तो नावावरून. मी नोकरीत असताना एका जिवंत माणसाला कुणीतरी कागदावर मयत केलं होतं. बिचारा स्वतःच्या पायांनी कचेरीत यायचा आणि आम्ही त्याला म्हणायचो, पुरावा आणा! तुम्ही उलटं केलंत. गेलेल्या माणसाला जिवंत केलंत आणि त्याच्या बायकोला वाट बघायला बसवलंत.”

“खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल, बाबा.”

“जाईल. मी तुला खोटा धीर देत नाही. पण ती बाई आत्ता बंदरावर एकेका खलाशाला नवऱ्याचा पत्ता विचारत फिरत असेल. खरं ठाऊक असलेली माणसं दोनच. तुझा साहेब आणि तू. साहेब सांगणार आहे का?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच रेणुका मिरकरवाड्याला गेली. राही रात्री एका ओळखीच्या मासेवालीकडे राहिली होती आणि पहाटेपासून पुन्हा धक्क्यावर उभी होती. कालपासून तिने पन्नासेक बोटींवर विचारलं होतं.

“ताई,” रेणुका म्हणाली, “बोट आलेली नाही. ते नाव मी घातलं. जुन्या यादीतनं उचलून. बोट आहे की नाही, माणसं आहेत की नाहीत, काही न बघता!”

मासळीच्या टोपल्या दोघींना वळसा घालून जात होत्या.

“म्हंजे... ते नाय?”

“नाही, ताई.”

ती रडली नाही, की रेणुकाच्या अंगावर धावून गेली नाही. तिने एवढंच विचारलं, “माज्या सासूला कोन सांगनार?”

“मी सांगते.”

दोघींनी केळशीची एसटी पकडली. म्हातारी ओटीवर बसलेली होती. दृष्टी अधू झालेली. दोन माणसांची पावलं ऐकताच तिने हात पुढे केले, “आला?”

रेणुकाने तिचे हात धरले आणि सगळं सांगितलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सावकाश आपले हात सोडवून घेत ती म्हणाली, “त्या वक्ताला दर्यानं मारलान माज्या पोराला. ह्या वक्ताला तुज्या कागदानं मारलान.”

त्या आठवड्यात रेणुकाने मासेमारी खात्याच्या कचेरीत लेखी जबाब दिला. अर्जावाचून थांबलेला कंटेनर अडकूनच पडला, कंपनीला नोटीस आली आणि रेणुकाची नोकरी गेली. पण तिच्याच जबाबावर हरेश्वरची आणि दोन्ही खलाशांची नोंद अखेर झाली. त्या कंपनीत आता बोटीची चिठ्ठी नसलेला ट्रक उतरवून घेत नाहीत. रेणुका एका काजू कारखान्यात कागदपत्रंच बघते. माल कुणाच्या बागेतला हे समजलं नाही तर स्वतः जाऊन विचारून येते. तिथले लोक वैतागतात. वैतागू देत!

वाचकहो, तुमच्याआमच्या हातूनही असे कागद रोज जातात. पुढच्या वेळी लेखणी उचलाल तेव्हा एकदाच स्वतःला विचारा, हे मला खरंच माहीत आहे का? नसेल, तर रकाना रिकामा सोडा. फार तर अर्ज परत येईल. रिकाम्या रकान्याने आजवर कुणाला दारात वाट बघत बसवलेलं नाही.