मेइन मान हेत

तापीकाठच्या केळीच्या बागेत दुपारचं ऊन खालपर्यंत उतरत नाही. तिथं बाजेवर पडून मयूरी डच शिकायची. नवरा हॉलंडात, काचेच्या घरातले टोमॅटो सांभाळायला. आणि तिथल्या सरकारचा हट्ट असा की बायकोनं आधी भाषेची परीक्षा पास करावी, मगच नवऱ्याकडे यावं. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यात दोघं सोबत राहिले अठरा दिवस. आता काय म्हणावं अशा सरकारला!

पुस्तक इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेलं. पानोपानी धीर द्यायचं: गौणवाक्यात क्रियापद पार शेवटी जातं, घाबरू नका. मयूरीला हसू यायचं. घाबरायचं कशाला, आपलं तर जन्मापासून शेवटीच बसलेलं. एखादी वस्तू लहान करायची तर शब्दाच्या शेवटी 'त्ये' लावायचं, हे तिला फारच आवडलं. डोळे जड झाले की ती केळीला त्ये लावायची, नदीला त्ये लावायची. नदी लहान झाली की पलीकडचा काठ हाताशी यायचा, आणि तिथं तो उभा असायचा.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा सासू, दगूबाई, सरावाचे प्रश्न विचारणारा मोबाइल घेऊन समोर बसली. बाईनं शाळा पाहिली नव्हती, पण तीन महिने ऐकून धडे तिला तोंडपाठ. मोबाइलनं डचमध्ये विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

"मेइन मान हेत..." माझ्या नवऱ्याचं नाव, एवढंच मयूरी म्हणाली.

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही घरची रीत. कागदावर लिहिलं तर चालतं. वेळ संपला, मोबाइल पुढच्या प्रश्नावर गेला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. पोरीला रडूच फुटलं. एका नावापायी सगळं हातचं जाणार होतं.

"ले ना वं नाव," दगूबाई म्हणाली. "तो तठे तुनी वाट देखी ऱ्हायना."

"नही येत, आत्या."

दगूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ही गेली की घरात आपण एकट्याच, हे काय तिला कळत नव्हतं? तरी मोबाइलकडे तोंड करून ती हळूच म्हणाली, "मेइन मान हेत सुपडू."

सासऱ्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. अख्ख्या संसारात न घेतलेलं नाव आज तोंडातून निघालं. म्हातारी आधी हसली, मग डोळे पुसत बसली.

"देख, काही व्हयनं नही," ती म्हणाली. "आते तू म्हण."

मयूरीनं सासूचा हात धरला आणि नाव घेतलं. मग कितीतरी वेळ तिला तो हात सोडवेना.