हंबरड्याचं उदाहरण

शब्दकोशाचं पान साडेचारला छापायला जाणार होतं. सव्वाचार झाले होते. तिच्या वडिलांना ऑपरेशनला आत नेऊन तीन तास उलटले, तरी दवाखान्यातून दादाचा फोन नव्हता.

पानावर 'वेलिंग' हा इंग्रजी शब्द होता. त्याचे चार अर्थ तिनेच लावले होते: माणूस गेल्यावरचा आक्रोश, तान्ह्याचं रडणं, वाऱ्याचं घोंघावणं, भोंग्याचा लांबलेला आवाज. प्रत्येक अर्थाला एक उदाहरण. पहिल्याचं तिने महिन्यापूर्वी, बाबा ठणठणीत असताना, चहा पिता पिता लिहिलं होतं: 'दवाखान्याच्या जिन्यात लेकीने हंबरडा फोडला.'

पान घेऊन ती मुख्य संपादकांकडे गेली. त्यांना सगळे तात्याच म्हणत. हे वाक्य बदलायचंय, ती म्हणाली. चूक काय आहे, त्यांनी विचारलं. चूक काही नव्हती. बोलाफुलाला गाठ पडते, एवढंच ती पुटपुटली.

तात्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पान जुळवून झालंय. अठरा अक्षरं काढलीस तर अठराच घाल. नाहीतर खालच्या ओळी सरकतील."

ती पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोरच बसली. नवऱ्यासाठी बायकोने लिहिलं, खोडलं. तिचा नवरा दिवसभर गाडीवर असे. आईसाठी मुलाने खोडलं. शेजारणीसाठी लिहिलेलंही खोडलं, शेजारीण आत्ता हिच्याच लेकीला शाळेतून आणत असेल. या अर्थाला एक मेलेलं माणूस लागत होतं आणि तिला कुणीच सापडेना. फोन गप्प होता.

चार पंचवीसला तात्यांनी पान ओढून घेतलं आणि लिहिलं: 'तात्या वारल्यावर कचेरीने हंबरडा फोडला.'

"मोज."

अठरा भरली.

"तात्या, भलतंच काय."

"तीस वर्षं उदाहरणांत लोकांना मारतोय. एकदा माझी पाळी."

छपाईचा माणूस पान घेऊन खाली गेला.

चार बत्तीसला फोन वाजला. दोन घंट्या तिने नुसत्या ऐकल्या, मग उचलला. बाबा शुद्धीवर आले होते आणि चष्मा कुठे ठेवला म्हणून दादावर करवादत होते.

डोळे पुसायच्या आधी तिने छपाईखान्याचा नंबर लावायला घेतला. जुनं वाक्य परत घालता आलं असतं. आता त्याची भीती नव्हती. तात्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "घरी कोण आहे माझं? छापील का होईना, कुणी रडलेलं बरं."

त्यांनी पुढचं पान समोर ओढलं. ती मात्र मनात अजून त्यांच्या वाक्याची अठरा अक्षरं मोजत होती.