मुक्वाचा ठोकळा

२००७ साल होतं. बुलावायो शहरात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. म्हणून आमच्या वर्कशॉपात प्रत्येक मिलिंग मशीनपाशी मुक्वाच्या लाकडाचा ठोकळा असे. जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, बदलायला आत हात घालायचा तर आधी तो मशीनच्या जड, वर-खाली होणाऱ्या डोक्याखाली लावायचा. वीज गेली तर डोकं ब्रेकवर तोललं जातं. पण जुन्या ब्रेकचा भरवसा काय?

मी तपासणीच्या टेबलावर होते. माझे यजमान भेकिंपिलो दुरुस्ती पाहत, आणि धाकटा दीर झेन्झो संगणकावर चालणाऱ्या मोठ्या सीएनसी मशीनवर.

त्या आठवड्यात त्याच्या मशीनवर एकच अलार्म येत राहिला. डोकं वर-खाली करणाऱ्या सर्वो मोटरवर जादा भार. अलार्म आला की मशीन थांबायची. खाणीच्या पंपांचं काम शुक्रवारी गेलं नाही, तर मालक कुलूप लावणार होता.

"दादा, तुझ्या सासूसारखी कुरकुरतेय ही," झेन्झो म्हणाला.

"ब्रेक पुरता सुटत नाहीये, घासतोय. उघडायचा तर दोन दिवस जातील."

"मग शुक्रवारी सगळे घरी बसू. तू अन् मी बोरं विकू."

यजमानांनी सेटिंगमध्ये जाऊन अलार्मची भाराची मर्यादा वाढवली. "शुक्रवारपर्यंत ओढेल. पण ब्रेक झिजतोय, कधीही दगा देईल. ठोकळ्याशिवाय हात घालशील तर मीच तोडीन."

अलार्म गप्प झाला, आणि धाकही गेला. गुरुवारी झेन्झो ठोकळा न लावताच जॉब बदलताना दिसला.

"भावजी, ठोकळा!"

"वहिनी, लावा-काढा करत बसलो तर शनिवार उजाडेल."

दुपारी वीज गेली. सगळ्या मशीनी एकदम थंडावल्या, आणि त्या शांततेत डोकं खाली आल्याचा आवाज सर्वांनी ऐकला.

वर उचलायला वीज नव्हती. चौघांनी पहारी लावून ते उचललं, आणि तो ठोकळा मी खाली सरकवला.

झेन्झोचा उजवा हात मनगटापासून गेला. तो त्शोलोत्शो या आमच्या गावी परतला, शेळ्या राखू लागला, आणि तिथेच वारला. काम सोमवारी गेलं. मालकानं वर्षभरात कुलूप लावलंच. यजमान जोहान्सबर्गला गेले, पुन्हा कधी मशीनला शिवले नाहीत. दोघे भाऊ लहानपणापासून एकाच ताटात जेवायचे. नंतर गावी गेलं की झेन्झो डाव्या हातानं इसित्श्वालाचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, घास वळू लागायचा, आणि हे पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचे. झेन्झो मरेपर्यंत उठत राहिले.