टाकीने खाल्लेलं तांबं

जावयाच्या पदरात पडणार होतं ते असं: ऑफिसमधली फिरती खुर्ची, दोन्ही शेडच्या किल्ल्या, गड्यांनी दारातून मारलेली ‘मालक’ ही हाक, आणि सगळ्यात गोड म्हणजे मेहुण्याचा पडलेला चेहरा. त्यासाठी फक्त आपल्या कोंबड्या मेहुण्याच्या कोंबड्यांपेक्षा जाड करायच्या होत्या. एवढ्या स्वस्तात कुणी मालक झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

सासऱ्यांचे गुडघे गेले होते. ऑफिस माडीवर, आणि जिना असा उभा की वर पोचेपर्यंत माणूस कशाला आलो ते विसरे. “पक्षी न्यायला गाडी येईल तेव्हा ज्याच्या शेडचं वजन जास्त भरेल, त्याने इथून पुढे हा जिना चढावा,” त्यांनी मुलाला आणि जावयाला सांगून टाकलं. “मी खाली उन्हात बसेन.”

पिल्लं एकाच दिवशी आली, खाद्यही एकाच कारखान्याचं. फरक काय तो पाण्याच्या टाकीचा. मेहुण्याने नवी प्लास्टिकची टाकी आपल्या शेडवर बसवून घेतली आणि जस्ताचा मुलामा दिलेली जुनी पत्र्याची टाकी जावयाच्या शेडवर चढवली.

“पत्रा टिकाऊ असतो, दाजी. खास तुमच्यासाठी राखून ठेवली.”

“बहीण दिलीस तेव्हाही हेच म्हणाला होतास.”

“ऐकू येतंय मला,” शेडमधून बायको म्हणाली.

जावई वाचणारा माणूस. म्हणजे मोबाईलवर, आणि मधूनमधून. थोडं तांबं मिळालं की कोंबडी झपाट्याने वाढते, एवढं त्याने वाचलं. पुढचा परिच्छेद जाहिरातीखाली दबला होता. खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर तांबं, जस्त, लोखंड किती घातलंय ते छापलेलंच असायचं. पण पोतं वाचायला मोबाईल लागत नाही, त्यामुळे ते राहून गेलं.

त्याने मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणलं. मूठभर निळे खडे बादलीत विरघळवून टाकीत ओतले. पाणी निळंशार झालं. संध्याकाळी पाहतो तर निळेपणा गायब.

“बघ, तांब्यासाठी किती आसुसले होते बिचारे,” तो बायकोला म्हणाला. “रंगसुद्धा शिल्लक ठेवला नाही.”

“टाकी अर्धी भरलेली आहे की अजून. नुसता रंग प्याले आणि पाणी ठेवलं?”

“शास्त्र असतं ते.”

“अहो, पण टाकी आतून लाल पडलीये.”

“तुझ्या भावाने दिलेली वस्तू. अजून काय पडणार?”

रंग उडत गेला तशी त्याची मूठ मोठी होत गेली.

मेहुण्याची नजर मात्र बारीक. जावयाच्या बादलीचा काठ निळा होता, बोटंही.

“दाजी, शाईचं काम काढलंत वाटतं?”

“घरात लिहिणारं कुणीतरी हवं ना.”

मेहुणा त्याच दिवशी त्याच दुकानात गेला आणि दाजी नेतात त्याच्या दुप्पट द्या म्हणाला. त्याच्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी सकाळी निळं, संध्याकाळीही निळं. आपला माल अस्सल, याचा याहून मोठा पुरावा त्याला नको होता.

गाडी आली. जावयाचे पक्षी काट्यावर बसले आणि काटा नेहमीच्या जागी गेला. मेहुण्याच्या पक्ष्यांची पिसं विस्कटलेली, तुरे फिके. पाण्याला चोच लावून मागे सरकणारे ते पक्षी काट्यालाही नीट जाणवेनात. मेहुण्याला तक्रार करायची होती, पण कुणाविरुद्ध ते ठरेना.

“जावईबापू, असं घालत तरी काय होतात?” सासऱ्यांनी विचारलं.

“लक्ष घालत होतो, बाबा.”

“मग चढा जिना.”

खुर्चीत बसून, एक गिरकी घेऊन, नव्या मालकाने पहिला हुकूम सोडला: ती भिकार पत्र्याची टाकी उतरवा. ती तळाशी चाळणीसारखी गळत होती. तिच्या जागी प्लास्टिकची आली. आणि नव्या पिल्लांना दोन्ही शेडमध्ये मालकांची ती निळी मूठ सुरू झाली. मेहुणा बघत होता. या मुठीने काय होतं हे घरात एकट्या त्यालाच माहीत होतं. तो एका शब्दात सांगू शकला असता; तो शब्द त्याने जपून ठेवला.

पक्षी खाईनात. मग बसल्या जागेवरून उठेनात. मग मरायला लागले. जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी एक पक्षी कट्ट्यावर उघडला; दाणे दळणाऱ्या पोटाचं अस्तर काळं पडून भेगाळलेलं.

“पाण्यात काय टाकता?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सासऱ्यांनी जावयाच्या बोटांकडे पाहिलं.

“मूठभरच,” जावई म्हणाला. “मागच्या खेपेला तर याच्यावरच वाढले होते.”

शेडमागे जुनी टाकी उलटी पडली होती. डॉक्टरबाईंनी वाकून तिच्या आत नखाने खरवडलं. बोटावर तांबूस भुकटी आली. त्यांना हसू आवरेना.

“तुमचं तांबं इथे बसलंय. पत्र्यावरचं जस्त पाण्यात गेलं, पाण्यातलं तांबं पत्र्यावर. पक्ष्यांपर्यंत ते फारसं पोचलंच नाही, म्हणून वाचले. खाद्यात लागेल तेवढं तांबं असतंच. वरून ओतलं की ते जस्ताला आणि लोखंडाला अंगात शिरू देत नाही.”

“पण वजन? शेजारच्या शेडपेक्षा माझेच भरले होते.”

“तुमचे कुठे वाढले होते? शेजारचे खंगले असतील.”

“शेजारचे कशाने खंगले?” सासऱ्यांनी मुलाला विचारलं. मुलगा नखं बघत राहिला. कधीकाळी तीही निळी होती.

“म्हणजे खुर्ची टाकीला द्यायला हवी होती,” बायको म्हणाली. “निदान ती काम तरी करत होती.”

सासऱ्यांनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

तर शेवटचा हिशेब असा. जावयाची खुर्ची गेली, पण ती आधीही त्याची नव्हती. मेहुण्याचं काहीच गेलं नाही. फक्त आता बापाने त्याला काही विचारलं की तो आधी हात खिशात घालतो. टाकीने अंगावरचं सगळं जस्त दिलं, आणि तिला भंगारात काढलं. पक्ष्यांनी जीव दिला, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. उरलेलं देणं रोज सकाळी फिटतं: सासरे कठड्याला धरून पायरी पायरी वर जातात, मध्यावर थांबतात, आणि दोन्ही गुडघे हप्ता भरतात.